महागडी साउंड केबल : पैसा आवाजाचा की नावाचा?

लग्नसराई जवळ आली की मंडप-डेकोरेशनचा आणि साउंड भाड्याने देण्याचा व्यवसाय करणारे आमचे बांधव सामानाची डागडुजी काढतात. फाटलेले कोन बदलले जातात, अ‍ॅम्प्लिफायर साफ होतात आणि मग वायर घेण्यासाठी बाजार गाठला जातो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की जिल्ह्याच्या गावातील एखादे इलेक्ट्रिकचे दुकान, तेथे दोन प्रकारची बंडले समोर येतात. एक नेहमीचे, साधे. दुसरे पारदर्शक आवरणाचे, जाडजूड, आत तांबूस-चंदेरी तारा चमकताहेत आणि वर 'ऑक्सिजन-फ्री', 'हाय-फाय' असे काही छापलेले. भाव तिप्पट-चौपट. कारागीर विचारतो, "सेठ, ही लावली तर आवाज खरंच खुलेल का?" सेठ म्हणतात, "लावून तर बघा!" हंगामाची निम्मी आगाऊ रक्कम अशा 'लावून बघण्यात' जाऊ शकते, म्हणून हा विषय या पानावर घेणे आम्हाला आवश्यक वाटले. या पानाच्या वाचकांत वायर विकणारेही आहेत आणि विकत घेणारेही. दोघांनाही उपयोग होईल असे लिहिण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम हा महागड्या केबलचा व्यापार आला कोठून, ते थोडक्यात पाहू. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेतही लोक स्पीकरला टेबल-लॅम्पची साधी दोन पदरी वायर लावीत असत. त्या दशकाच्या अखेरीस नोएल ली नावाच्या एका इंजिनियरने, जो हौशी ड्रमवादकही होता, जाड तांब्याची वायर खास स्पीकरसाठी म्हणून बाजारात आणली आणि 'मॉन्स्टर केबल' हे नाव जगभर झाले. तोवर जी वस्तू सेटबरोबर जवळजवळ फुकट मिळत होती ती स्वतंत्र माल म्हणून विकली जाऊ लागली. दुकानदारांच्याही ध्यानात आले की अ‍ॅम्प्लिफायरवर स्पर्धेमुळे नफा थोडा सुटतो, केबलवर मात्र कितीही लावता येतो, कारण तिची किंमत ताडून पाहण्याचे साधन गिऱ्हाइकापाशी नसते. पुढे किमती इतक्या चढल्या की पेअर या कंपनीची 'अ‍ॅन्जू' ही स्पीकर केबल १२ फुटांच्या जोडीला ७,२५० डॉलरला मिळू लागली. २००७ च्या विनिमय दराने हे पावणेतीन लाखांहून अधिक रुपये होतात. तेवढ्यात त्या काळी आपल्याकडील एखाद्या कारागिराचा सबंध साउंडचा धंदा उभा राहिला असता!

त्याच २००७ साली अमेरिकेतील जेम्स रँडी यांनी, जे पूर्वी जादूगार होते आणि नंतर चमत्काराच्या दाव्यांची तपासणी करीत असत, जाहीर केले की ही केबल आणि मॉन्स्टरची चांगली केबल यांतील फरक डोळ्यांनी न पाहता, केवळ कानांनी जो ओळखून दाखवील त्याला आपल्या संस्थेचे दहा लाख डॉलरचे बक्षीस मिळेल. एक नामांकित समीक्षक तयारही झाले होते. परंतु बोलणी फिसकटली आणि चाचणी झालीच नाही. न झालेल्या चाचणीवरून काही सिद्ध होत नाही, हे खरे. पण त्याआधी, १९८३ साली, 'स्टिरिओ रिव्ह्यू' या मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी अशी चाचणी घेऊन तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. संगीत लावले असता जाड साधी वायर आणि महागडी केबल यांतील फरक ऐकणाऱ्यांना खात्रीने सांगता आला नाही. अगदी बारीक, २४ गेजच्या वायरीचा फरक मात्र चाचणीच्या खरखरीत कळू शकतो, असे त्यात दिसले. या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. वायरीने काहीच फरक पडत नाही, असे कोणी जाणकार म्हणत नाही. फरक पडतो, तो जाडीने.

जाडी आणि लांबीचा हिशेब

वायर म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. वायर जितकी लांब आणि जितकी बारीक तितका अडथळा जास्त. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. स्पीकरचा स्वतःचा अडथळा साधारण ८ किंवा ४ ओहम असतो आणि वायरीचा अडथळा त्याच्या ५ टक्क्यांच्या आत राहावा, असा एक चालत आलेला ठोकताळा आहे. घर, दुकान, ऑफिस यांच्या कामाला तो पुरेसा आहे.

आता उदाहरण घेऊ. जुने कारागीर जिला २३/७६ म्हणतात ती वायर सर्वांच्या परिचयाची आहे. ०.००७६ इंचाच्या २३ तारा, म्हणजे सुमारे ०.६७ चौरस मिलीमीटर तांबे. घरात अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर ३ मीटरवर असेल तर जाण्या-येण्याची मिळून ६ मीटर तार होते आणि अडथळा ०.१५ ओहमच्या आसपास. ८ ओहमच्या स्पीकरला पोचणारी शक्ती ४ टक्क्यांहूनही कमी घटते. इतकी घट कोणाच्याही कानाला जाणवत नाही. अशा घरात दहापट भावाची केबल लावून ऐकू येण्याजोगे काहीही वाढणार नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

तीच २३/७६ मंडपात ३० मीटर ओढली की चित्र बदलते. आता तार ६० मीटर आणि अडथळा दीड ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला मिळणारी शक्ती जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. एकाच वायरीवर दोन पेट्या समांतर जोडल्या, जे आपल्याकडे सर्रास चालते, तर भार ४ ओहमचा होतो आणि शक्ती जवळजवळ निम्मी उरते. निम्म्या शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला असता तरी चालले असते, असा याचा अर्थ. कारागीर मात्र समजतो की अ‍ॅम्प लहान पडतो आहे, आणि कर्ज काढून मोठा अ‍ॅम्प आणतो! त्या ठिकाणी अडीचची साधी तांब्याची वायर टाकली तर एका पेटीला घट ११ टक्क्यांवर येते आणि दोन पेट्यांना २० टक्क्यांवर. चारची टाकली तर दोन पेट्यांची घट १३ टक्क्यांवर येते. यासाठी सोनेरी अक्षरांची केबल लागत नाही. तांबे जास्त लागते, एवढेच.

अंतर याहून जास्त असेल, उदाहरणार्थ मैदानातील जलसा किंवा रस्त्याच्या कडेने लावलेले भोंगे, तर वायर जाड करीत बसण्यात अर्थ नाही. तेथे १०० व्होल्ट लाइन वापरावी. आपल्याकडील बहुतेक पी.ए. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे तिची जागा असतेच. दीडची वायर २०० मीटर ओढून त्यावर ८ ओहमचा भोंगा थेट जोडला तर त्याला फक्त तिसऱ्या हिश्शाच्या आसपास शक्ती मिळते. त्याच वायरीवर १०० व्होल्ट लाइनने एकूण १०० वॅटचे भोंगे ट्रान्सफॉर्मर लावून चालविले, तर घट १० टक्क्यांच्या आसपास राहते. दूरच्या गावाला वीज उच्च दाबाने नेतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. मात्र या लाइनचा शॉक लागू शकतो. उघडे जोड ठेवू नयेत आणि मुलांच्या हाताला येईल अशी वायर टाकू नये.

'ऑक्सिजन-फ्री' आणि चांदी

जाहिरातीतील शब्दांचे काय? ऑक्सिजन-फ्री तांबे हे थोतांड नव्हे. असे तांबे खरोखर असते आणि काही कारखान्यांच्या कामात त्याची गरजही असते. परंतु विजेच्या वायरीत वापरले जाणारे नेहमीचे चांगले तांबेही ९९.९ टक्के शुद्ध असते आणि दोहोंच्या वाहकतेत फरक एखाद्या टक्क्याचा. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम सहा टक्के चांगली वाहक आहे. तेवढाच लाभ तांब्याची तार सहा टक्के जाड घेऊन मिळतो. सराफ बांधवांना आम्ही हा हिशेब करून दाखवण्याची गरज नाही!

दुसरे एक कारण नेहमी सांगितले जाते की तीव्र स्वर तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतात, म्हणून विशेष बनावटीची केबल हवी. ही गोष्ट रेडिओच्या लहरींना लागू आहे. माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत तीव्र आवाजाला, म्हणजे २० हजार हर्ट्झला, तांब्यात ही खोली सुमारे अर्धा मिलीमीटर असते आणि अडीचच्या तारेचा व्यासच मुळी पावणेदोन मिलीमीटरच्या आसपास. कानाला लागेल असा परिणाम त्याने होत नाही. केबलवर बाण काढलेला असतो, त्याची मात्र थट्टा करू नये. काही जाळीदार केबलींत जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, तेथे बाणाला अर्थ आहे. स्पीकरच्या साध्या वायरीवरचा बाण हा केवळ छपाईचा खर्च होय.

एचडीएमआयसारख्या डिजिटल केबलींबद्दल दोनच शब्द. तेथे माहिती आकड्यांच्या रूपाने जाते. ती नीट पोचली तर चित्र आणि आवाज पूर्ण मिळतो, पोचली नाही तर ठिपके येतात, आवाज तुटतो किंवा सारेच बंद पडते. 'थोडा गोड आवाज' देणारी एचडीएमआय असू शकत नाही. लांब अंतराला प्रमाणित केबल घ्यावी, हे बरोबर. आणि भिंतीतल्या सॉकेटपासून सेटपर्यंतची हजारो रुपयांची पॉवर कॉर्ड? महावितरणची वीज मैलोगणती साध्या तारांतून आलेली असते. शेवटच्या दीड मीटरने ती शुद्ध होण्याचे कारण नाही. घुंघुं येत असेल तर अर्थिंग तपासावे.

मग दुकानात फरक कसा ऐकू येतो?

ऐकू येतो, आणि गिऱ्हाईक खोटे बोलत नसते. दोन आवाजांत अर्ध्या डेसिबलचाही फरक असेल तर कान मोठ्या आवाजाला 'मोठा' न म्हणता 'चांगला' म्हणतो. पहिल्या वेळी बारीक वायर आणि दुसऱ्या वेळी जाड महागडी केबल लावली की दुसरीचा आवाज किंचित वाढतोच. त्यात किंमत आधी कळलेली असते, केबल डोळ्यांसमोर असते आणि दुकानदार चेहऱ्याकडे पाहत उभा असतो. खरी परीक्षा घ्यायची तर तीन गोष्टी कराव्यात. दोन्ही वायरी सारख्याच जाडीच्या व लांबीच्या घ्याव्यात. कोणती केव्हा जोडली ते ऐकणाऱ्याला कळू देऊ नये, आणि जोडणाऱ्याने त्याच्या समोरही येऊ नये. दहा-बारा वेळा चिठ्ठी टाकून अदलाबदल करावी. दहांपैकी पाच-सहा वेळा उत्तर बरोबर आले तर ते नाणे उडविण्यासारखेच समजावे. वायर विकणाऱ्या आमच्या बांधवांनी हा प्रयोग एकदा आपल्या दुकानात अवश्य करावा, नोकराला घेऊन, शटर अर्धे ओढून.

खरा धोका स्वस्ताईत आहे

आतापर्यंत महागड्या मालाबद्दल बोललो. परंतु आमच्या मते आपल्या कारागिरांचे जास्त नुकसान दुसऱ्याच वायरीने होते. ती आहे तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे बाजारात जिला सीसीए म्हणतात ती. वरून तांब्यासारखी, आतून अ‍ॅल्युमिनियम. तिची वाहकता तांब्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे अडीचची सीसीए कामाला दीडच्या तांब्याएवढीच. ती वाकवून-वाकवून लवकर तुटते, स्क्रूखाली सैल होते आणि जोड तापतो. सीसीए हा काही गुन्हा नव्हे. 'सीसीए आहे' असे सांगून त्याच भावात विकली तर तक्रार नाही. पण पारदर्शक आवरणात घालून ती तांब्याच्या भावाने विकली जाते, आणि कधी कधी 'ऑक्सिजन-फ्री'च्या नावानेही! मालातील ऐब गिऱ्हाइकाला सांगून विकणे ही आपल्या व्यापाराची जुनी रीत आहे, आणि येथे तिची खरी गरज पडते. कारण मंडपात तीच स्पीकरची वायर उद्या कोणी दिव्यांच्या माळेला जोडतो, आणि तेथे कनातीला आग लागण्याची भीती असते.

ओळखावी कशी? ब्लेडने एक तार खरवडावी. आत पांढरी निघाली तर प्रश्न मिटला. परंतु आमची शिफारस वजनाची आहे, कारण त्याने दोन लबाड्या एकदम पकडता येतात. अडीच चौरस मिलीमीटरची तांब्याची एक मीटर तार, आवरण सोलून, सुमारे २२ ग्रॅम भरते. सीसीए ८ ग्रॅमच्या आसपास. सोनाराच्या किंवा मसाल्याच्या काट्यावर हे दोन मिनिटांत कळते. आणि तार तांब्याचीच असून वजन १६-१७ ग्रॅम भरले, तर समजावे की वर अडीच छापून आत दोनहूनही कमी तांबे घातले आहे. ९० मीटरच्या दोन पदरी अडीचच्या बंडलात नुसते तांबे ४ किलो असायला हवे. प्लास्टिकचे वजन वेगळे. बंडल हातात घेताच पिसासारखे वाटले तर पावती मागण्याआधी ब्लेड मागावे. विजेच्या वायरीवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा क्रमांक पाहणे योग्यच, पण तेवढ्यावर थांबू नये. चिन्ह छापायला शाई लागते, तांबे लागत नाही.

पैसा कोठे घालावा

महाग ते सारे व्यर्थ, असा अर्थ कोणी घेऊ नये. माइकच्या केबलीला जास्त पैसे देणे बऱ्याचदा रास्त असते. माइकमधून निघणारी वीज अतिशय क्षीण असते, म्हणून दाट विणीची तांब्याची जाळी, दोन आतल्या तारा आणि कॅनन पिन असलेली बॅलन्स्ड केबल घ्यावी. जनरेटर आणि डिमरच्या गर्दीत चार तारांच्या स्टार-क्वाड केबलीने घुंघुं आणखी कमी होते, तो पैसा वसूल होतो. गिटारसारख्या वाद्याच्या पिकअपला लांब किंवा निकृष्ट केबल लावली तर तीव्र स्वर खरोखर मंदावतात. आणि जी केबल वर्षातून शंभर-दीडशे वेळा अंथरायची व गुंडाळायची आहे तिचे आवरण मऊ व चिवट हवे. घरातल्या कपाटामागे पडून राहणाऱ्या वायरीला हा खर्च लागत नाही. भाड्याच्या कामाला लागतो.

त्याहूनही जास्त लक्ष टोकांकडे द्यावे. साउंड बंद पडतो तो बहुतेक वेळा पिनेपाशी किंवा जोडापाशी, तारेच्या मध्यात क्वचितच. पिळा मारून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. कोकणात खाऱ्या हवेने तर त्याआधीच. स्पीकरच्या पेटीला न्यूट्रिक कंपनीने १९८७ साली काढलेली स्पीकॉन पद्धतीची पिन बसवून घ्यावी. ती फिरवून अडकते, ओढल्याने निघत नाही, आणि तिच्या टोकांचा एकमेकांशी स्पर्श होऊन अ‍ॅम्प जळत नाही. चांगला डाख चकचकीत आणि तारेवर पसरलेला दिसतो. नेहमीच्या शिशाच्या डाखात भुरकट, गोळीसारखा दिसला तर तो कच्चा समजावा. दोन केबलींच्या किमतीतील फरकात वीस चांगल्या पिना येतात, असा हिशेब अनेक दुकानांत सहज जमून येईल.

दुकानदार बांधवांना वाटेल की लेखकांनी आमचा नफाच काढून घेतला. तसे नाही. हौशी गिऱ्हाईक सुंदर दिसणारी केबल शोभेसाठी मागत असेल आणि आवाज तोच राहील हे जाणून घेत असेल, तर ती अवश्य विकावी. मनगटी घड्याळातही लोक केवळ वेळ विकत घेत नाहीत. पण कायमचे गिऱ्हाईक असलेल्या साउंडवाल्याला नफा मिळवून देणारा दुसरा माल आहे, आणि तो म्हणजे तयार केबल. प्रामाणिक तांब्याची वायर घ्यावी, ती ५, १०, २० आणि ३० मीटर अशा मापांत कापावी, डाखकाम जाणणाऱ्या एखाद्या होतकरू तरुणाकडून पिना बसवून घ्याव्यात, मल्टिमीटरने तपासाव्यात आणि प्रत्येकीवर लांबी, जाडी व तारीख लिहिलेली चिठ्ठी अडकवावी. एका वर्षात जोड निघाला तर फुकट दुरुस्ती, एवढी हमी पुरते. यात नफा मजुरीचा आहे, गिऱ्हाईक तो खुशीने देते, आणि शेजारचा दुकानदार तेच बंडल दहा रुपये कमी भावाने देतो म्हणून ते तुटत नाही.

जे आधीपासून वायर बाळगून आहेत त्यांनी यंदा नवी घेण्यापूर्वी एक काम करावे. आहे ती सर्व वायर अंगणात पसरावी, प्रत्येक तुकड्याची दोन टोके एका बाजूला पिळून दुसऱ्या बाजूने मल्टिमीटर लावावा. मीटरच्या सळया एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करावा. ३० मीटरच्या अडीचच्या दोन पदरी वायरीने अर्ध्या ओहमच्या आसपास आकडा दाखवला पाहिजे. दीड-दोन ओहम दाखवला तर वायर बारीक आहे, सीसीए आहे किंवा आत कुठे तरी जोड सडला आहे. आकडा हलत-डुलत असेल तर जोडच. तो कापून नवा डाख द्यावा आणि पुन्हा मोजावे.